जळक्या ऑइलचा खांब

१

ओडेलिया ब्रॅकेट रोज सकाळी पावणेसहाला घराखाली उतरायची, गाडीचं बॉनेट उघडायची आणि ऑइलची पट्टी ओढून काढायची. जुन्या पेटीकोटच्या फडक्याने ती पुसायची, परत आत घालायची, परत काढून उजेडात धरायची. मग बॉनेट धाडकन आपटून चावी फिरवायची. इंजिन पहिल्या फटक्यात सुरू व्हायचं आणि त्याच्या पाठोपाठ ते सुरू व्हायचं.

टक. टक. टक.

गाडी बिस्किटी रंगाची, जपानी, बावीस वर्षांची. ओडेलिया तिच्यावर लिमोन शहर ते मोईन बंदर अशी बिनपरवान्याची वडाप चालवायची. तिचं वय एकसष्ट. केळ्यांच्या पॅकिंगला जाणाऱ्या बायका तिच्या ठरलेल्या सवाऱ्या होत्या आणि त्यांना तोंडाचा पट्टा चालवायला रोज नवा विषय लागायचा.

"मिस ओडेलिया, डिकीत कोणाला कोंडलंयत का हो? बिचारा दार वाजवतोय."

"तुझ्या नवऱ्यालाच कोंडलंय. हवाय का परत?"

"नको, नको! राहू दे त्याला!"

बायका हसायच्या, ओडेलियाही हसायची. पण तिला 'राहू दे' हा शब्दच सोसत नसे. सिकिरेस गावच्या एलादियोकडून, सगळे त्याला मानाने 'डॉन' म्हणत, तिने ही गाडी घेतली तेव्हा तोही हेच म्हणाला होता. "थोडा आवाज आहे, बाई. वाजू द्या. ऑइल कमी झालं तर वरून घालत जा, पण सगळं काढू मात्र नका." कशाला, ते त्याने सांगितलं नाही. गाडी निघाली तेव्हा आरशात तिला तो दिसला होता. फुटपाथच्या कडेला तो मटकन बसला होता आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. गाडीवर जीव होता म्हाताऱ्याचा, असं तिला तेव्हा वाटलं.

तिचं घर आठ लाकडी खांबांवर उभं होतं, पाण्याला खालून वाट देत, त्या बाजूची सगळी घरं उभी असतात तसं. गाडी खाली, माणसं वर. आणि वर, खिडकीलगतच्या पलंगावर, तिचा नवरा अल्फर्ड असायचा. तीस वर्षं रेल्वेच्या कारखान्यात फिटर होता तो. चालत्या इंजिनावर उजवा तळवा ठेवून कुठलं बेअरिंग जातंय ते सांगणारा. आधी रेल्वे बंद पडली, मग दोन वर्षांपूर्वी अर्धांगाच्या झटक्यात तो हात बंद पडला. पाय काठीच्या आधाराने थोडाफार परत आला, जीभ जड झाली तरी बोलती राहिली. हात मात्र गेला तो गेलाच.

"ओडी," तो म्हणायचा, "ते वाजणं थांबव गं. खालच्या फळ्यांतून वर येतं. डोक्यात जातं माझ्या."

या माणसाने आयुष्यभर लोखंडाचा गोंगाट ऐकला होता. आता त्याला स्वतःच्या घरात निवांत पडू द्यायचं, एवढंच ओडेलियाचं या जगाकडे मागणं होतं. आणि तेवढं तरी ती मिळवणारच होती.

२

सेल्विनचं गॅरेज म्हणजे नीरफणसाच्या झाडाखाली एक खड्डा आणि वर चार पत्रे. त्याने लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले.

"टॅपेट," तो म्हणाला. "म्हातारपण, दुसरं काय? तुझे गुडघे वाजतात तसे."

"माझे गुडघे काढू नकोस. इंजिनाचं बोल."

आधी त्याने पातळ ऑइल सुचवलं. पातळ असलं की बारीक वाटांनी लवकर वर चढतं, टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणारे बारके दट्टे, भिजले की गप्प बसतात. सगळं काढायला ओडेलियाने त्या वेळी नको म्हटलं, एलादियोचं बोलणं अजून कानात होतं. अर्धं काढून अर्धं घातलं. आठवडाभर आवाज तसाच. मग जाड, वीस-पन्नास, जुन्या इंजिनांचं हक्काचं. तेही अर्धंच. आवाज तसाच. मग लाल डब्यातलं एक औषध आलं. त्यावर हसऱ्या माणसाचं चित्र होतं आणि दहा मिनिटांत शांततेची हमी होती. दहा मिनिटांनी सेल्विनने डब्यावरच्या माणसाकडे बघून एक शिवी दिली.

त्या दिवशी अल्फर्डही गाडीत होता, दवाखान्यातून परत येताना. तो इतका वेळ मान एका बाजूला करून ऐकत होता.

"रेस दे," तो म्हणाला.

सेल्विनने ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन गरजलं, पत्रे थरथरले, झाडावरचे पक्षी उडाले. आणि त्या गोंगाटाच्या खाली, जराही घाई न करता, टक. टक. टक.

"अजून दे."

टक. टक. टक.

सेल्विनच्या तोंडावरचं हसू ओसरलं. टॅपेट इंजिनाच्या तालावर नाचतात. इंजिन पळालं की तेही पळतात, त्यांना दुसरा इलाज नसतो. हे मात्र आपल्याच चालीने चाललं होतं, वाट बघायची सवय असलेलं माणूस एकाच बोटाने दार वाजवतं तसं.

"सायलेन्सरच्या पाइपचं असेल काही," सेल्विन म्हणाला आणि चावी बंद केली.

टक. टक. टक.

मग थांबलं.

"गरम लोखंड थंड होताना वाजतंच," तो घाईघाईने म्हणाला.

"बंद केल्या केल्या?" अल्फर्डने विचारलं.

३

"धू सगळं," ओडेलिया म्हणाली. "पार आतून. थेंब ठेवू नकोस."

"एलादियो काय म्हणाला होता, तूच सांगितलंस ना?"

"एलादियो भित्रा माणूस. गाडी माझी आहे."

सेल्विनने टॅपेटचं झाकण खोललं. आतून ते काळ्या चिकट गाळाने भरलं होतं, तव्याच्या बुडाला वर्षानुवर्षांची काजळी बसावी तसं. पण मधोमध, सुपारीएवढी एक जागा लख्ख होती. तिथे गाळाचा कण नव्हता, उघडं लोखंड चकाकत होतं आणि किंचित बाहेरच्या बाजूला फुगलेलं होतं. सेल्विनने त्यावर अंगठा फिरवला, मग खाली इंजिनात बघितलं.

"इथे तर काही लागतच नाही," तो पुटपुटला. "इथवर पोचणारा पार्टच नाही यात."

"पोचत असेल. तुला चष्मा लागलाय."

तिने ते ठणकावून सांगितलं, कारण तिलाही ते आवडलं नव्हतं.

झाकण परत बसवलं. गरम इंजिनात, जुन्या ऑइलमध्येच, एक लिटर डिझेल ओतलं आणि रेस न देता दहा मिनिटं चालू ठेवलं. पाचव्या मिनिटाला आवाज वाढला. आठव्या मिनिटाला तो इतका जवळून येऊ लागला की सेल्विन मागे वळून पाहू लागला. मग त्याने इंजिन बंद करून खालचा बोल्ट काढला आणि काळं पातळ पाणी डब्यात उतरू लागलं. शेवटचा थेंब पडेपर्यंत दोघं खाली वाकून बघत राहिली.

नवं ऑइल घातलं, नवा फिल्टर लावला, चावी फिरवली. इंजिन मांजरासारखं गुरगुरलं. दुसरा कसलाही आवाज नाही.

ओडेलियाने बॉनेटवर थाप मारली. "बघ! एवढंच तर होतं!"

काढलेलं जळकं ऑइल तिने डब्यासकट घरी नेलं. लिमोनात जळकं ऑइल कोणी टाकून देत नाही. घराच्या खांबांना वाळवी लागते आणि वाळवीवर त्याच्यासारखं औषध नाही.

४

शनिवारी दुपारी तिने ब्रश घेऊन आठही खांब रंगवले. सर्वांत जास्त ऑइल कोपऱ्यातल्या खांबाने प्यायलं, कारण वाळवीने तोच सर्वांत जास्त खाल्ला होता. अल्फर्डचा पलंग नेमका त्याच्या वर होता. तीन हात दिले तरी लाकूड पीतच राहिलं. उरलेलं तिने झाकण लावून बाजूला ठेवलं.

त्या रात्री अल्फर्ड शांत झोपला. रविवारी तिने नारळाच्या दुधातला राजमा-भात केला, नीरफणसाचे काप तळले, आल्याचं सरबत ढवळलं. अल्फर्डने डाव्या हाताने दोनदा वाढून घेतलं.

"ऐक," तो म्हणाला.

"काय ऐकू?"

"काहीच नाही. तेच ऐक."

ती त्याच्या शेजारी बसली आणि दोघांनी बराच वेळ काहीच ऐकलं नाही. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती, त्यात इतका छान रविवार तिला आठवत नव्हता.

५

मंगळवारी दुपारी ती सवाऱ्या सोडून परत आली. गाडी खाली लावली, चावी काढली. इंजिन गप्प झालं.

टक. टक. टक.

तिने बॉनेटवर कान ठेवला. तिथे काही नव्हतं. कोपऱ्यातल्या खांबाजवळ गेली, तेव्हा तिला स्वतःचंच हसू आलं. वाळवी! वाळवी घाबरली की डोकं आपटते, लहानपणापासून तिने हजारदा ऐकलं होतं. ऑइल आत मुरलं, वाळवी मरायला लागली, म्हणून वाजतेय. बरं झालं. मरू दे.

तरी तिने खांबाला कान लावला. लाकूड गार आणि तेलकट होतं. नीट ऐकायला तिने श्वास रोखला, आणि आवाज थांबला. तिने श्वास सोडला. टक. पुन्हा रोखला. शांत. सोडला. टक.

तिने खांबाला लाथ घातली आणि जिना चढून वर गेली.

दुसऱ्या दिवशी तिला डाग दिसले. खांबाच्या वर, घराच्या पांढऱ्या रंगवलेल्या फळ्यांवर, सुपारीएवढे काळे तेलकट ठिपके. एकावर एक, वीतभर अंतराने, वर चढत गेलेले. चार होते. लाकूड तेल शोषतं, तेल वर चढतं, यात नवल काय? पण शोषलेलं तेल पसरतं, ओघळ सोडतं. असं पावलं टाकत चढत नाही. रॉकेलच्या फडक्याने तिने ते पुसून काढले. गुरुवारी सकाळी सहा होते. सहावा खिडकीच्या चौकटीला टेकला होता.

६

शुक्रवारी दवाखान्याची यामिलेत व्यायाम घ्यायला आली. चोविशीची पोर, तोंडाने अखंड चालू. अल्फर्डचा उजवा हात ती नेहमीसारखा उचलून वाकवत होती आणि एकदम बोलायची थांबली.

"मिस ओडेलिया! अहो, इकडे या! लवकर!"

ओडेलिया हातातलं पातेलं टाकून धावली. अल्फर्डच्या मांडीवर उजवा हात होता आणि त्या हाताचं पहिलं बोट हलत होतं. उचललं जात होतं, पडत होतं.

"दोन वर्षांनी!" यामिलेतच्या डोळ्यांत पाणी आलं. "आजोबा, पुन्हा करा! शाब्बास! अजून!"

ओडेलियाने तोंडावर पदरासारखा ॲप्रन धरला आणि हमसाहमशी रडली. ज्या हातासाठी तिने दोन वर्षं तेल चोळलं, नवस बोलले, डॉक्टरांशी भांडण काढलं, तो हात जागा झाला होता. इतका आनंद तिला सोसवेना. अल्फर्ड त्या बोटाकडे टक लावून बघत होता, आपल्या घरात अनोळखी माणूस जेवायला बसलेला बघावा तसा.

यामिलेत गेली. दुपारभर बोट चालू राहिलं. संध्याकाळपर्यंत मूठ वळायला लागली. मग हात पलंगाच्या कडेपर्यंत सरकला आणि बोटाने लाकडावर वाजवलं.

टक. टक. टक.

"ओडी," अल्फर्ड म्हणाला. "तो मी नाही."

"असं नको रे बोलूस. हळूहळू सवय होईल."

"माझा हात आहे. मला माहीत नसेल?" त्याची जीभ अडखळत होती, पण डोळे स्वच्छ होते. "मी पहिल्या बोटाने कधी वाजवलं नाही. तीस वर्षं मधल्या बोटाने. कारखान्यात सगळे चिडवायचे. मी हलवत नाहीये, ओडी. कोणीतरी हलवतंय."

ओडेलियाला ते माहीत होतं. अडतीस वर्षं तो दारावर मधल्या बोटाने वाजवायचा आणि ती आतून ओळखायची. तिने त्या हातावर आपला हात दाबून धरला. खालून बोट तिच्या तळव्यावर वाजत राहिलं, शांतपणे, घाई न करता.

७

शनिवारी भर दुपारी, ऊन मी म्हणत होतं, खिडकीची लाकडी झडप लावून घेतली होती. ओडेलिया स्वयंपाकघरात कांदा चिरत होती. आतून टकटक येत होती. कालपासून तिने ती ऐकून न ऐकल्यासारखी केली होती.

टक. टक. टक.

आणि मग, जरा वेगळ्या जागेवरून, जरा बसक्या सुरात: टक. टक. टक.

तिची सुरी थांबली. खिडकीबाहेर काय होतं? काहीच नव्हतं. नऊ फूट खाली नुसती ओली जमीन होती. शिडी नव्हती, झाड नव्हतं.

आतून तीनदा वाजलं. बाहेरून तीनदा उत्तर आलं.

"ओडी!"

ती धावली. अल्फर्ड पलंगावर अर्धवट उठला होता. त्याचा उजवा हात खांद्यापासून ताणून झडपेच्या कडीपर्यंत पोचला होता आणि दोन बोटांनी कडी वर उचलत होता. डाव्या हाताने अल्फर्डने स्वतःचंच मनगट धरून ठेवलं होतं. त्याच्या कपाळावरून घाम निथळत होता आणि तो हरत होता.

ओडेलियाने उडी मारून दोन्ही तळवे झडपेवर रोवले आणि अंगाचा सगळा भार कडीवर टाकला. पलीकडून, तिच्या उजव्या तळव्याखाली, फळीवर कोणीतरी वाजवलं. लाकूड थरथरलेलं तिला हाडापर्यंत जाणवलं.

झडपेच्या दोन फळ्यांमध्ये एक फट होती. दुपारी तिथून उन्हाची पट्टी नेहमी पलंगावर पडायची. आज तिथे ऊन नव्हतं. फटीत काळं भरलं होतं, ओलं, तेलकट चकाकणारं. मग ते काळं हललं. जरासं मागे सरलं आणि पुन्हा फटीला लागलं, जणू नीट दिसत नव्हतं म्हणून.

ओडेलियाच्या तोंडून निघालं ते ओरडणं होतं, किंचाळणं नाही.

"कोण आहेस ते मला बघायचं नाही! हे घर माझ्या बापाने बांधलं आणि हा नवरा माझा आहे. इथे तुला कोणी उघडणार नाही! ऐकलंस? कितीही वाजव!"

किती वेळ ती तशी उभी होती, तिला सांगता आलं नसतं. मग फट उजळली आणि उन्हाची पट्टी अल्फर्डच्या पायावर पडली. हात कडीवरून गळला. पण बोट चादरीवर चालूच होतं.

८

"उद्याच निघू," ओडेलिया म्हणाली. "माझ्या बहिणीकडे. नाहीतर खांब जाळून टाकते."

"जाळू नको," अल्फर्ड म्हणाला. "धूर कुठे जाईल, कोणाच्या घरात, काय सांगावं. आणि पळून काय करू? हात माझ्याच खांद्याला आहे." तो दम घ्यायला थांबला. "लोखंडात होतं तेच बरं होतं. लोखंडाला कडी काढायला हात नसतात."

फिटरचं डोकं होतं ते. ओडेलियाने त्याच्याकडे बघितलं आणि तिच्या लक्षात आलं की आपण काय परत करायला निघालोय.

"हात जाईल परत," ती म्हणाली.

"माझा कधी आलाच नव्हता."

रविवारी चर्चची घंटा वाजत असताना सेल्विन लाकूड तासायचा वाकस घेऊन आला. सगळं ऐकून घेतल्यावर त्याने एकच गोष्ट विचारली. "खांबाचा भुसा भिजवलेलं ऑइल इंजिनात? अगं, इंजिन बाद होईल!"

"होऊ दे."

"तुझं पोट आहे त्याच्यावर."

"सेल्विन, तासतोस की मी तासू?"

बाकीच्या सात खांबांना कान लावून पाहिला, ते मुके होते; मग त्यांनी गाडीचाच जॅक कोपऱ्यातल्या खांबाशेजारी लावून घर तोललं आणि खांब बोटभर खोल तासला, फळ्यांवरच्या डागांसकट. काळ्या ढलप्या निघाल्या, खाली पांढरं लाकूड लागलं. एका जागी, सुपारीएवढं, लाकूड आतून बाहेर फुगलं होतं. सेल्विनने ते न बघता त्यावर वाकस मारला. वर, फळ्यांच्या पलीकडे, टकटक जोरात होऊ लागली. पहिल्यांदाच त्या आवाजाला घाई झाली होती.

ढलप्या डिझेलमध्ये भिजवल्या, पेटीकोटच्या फडक्यातून पिळून गाळल्या, डब्यात उरलेल्या जळक्या ऑइलमध्ये ते मिसळलं. इंजिनातलं नवं कोरं ऑइल खाली सोडून दिलं. मग ओडेलियाने स्वतः फनेल धरला आणि तो काळा राडा थेंबन् थेंब आत ओतला. चालकाच्या जागेवर बसून तिने चावी फिरवली.

इंजिन खोकलं, धूर ओकलं, कसंबसं चालू राहिलं. आणखी काहीच झालं नाही. वर टकटक चालूच होती. सेल्विन पांढराफटक पडून जिन्याकडे बघत होता.

ओडेलियाने स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले.

"घर तुझं नाही," ती म्हणाली. "तो हात तुझा नाही. ही गाडी घे, ती तुला दिली. जन्मभर वाजव. मी ऐकीन, रोज ऐकीन, बहिरी होईपर्यंत ऐकीन. पण वर जायचं नाही. काय असेल ते माझ्याशी."

वर तीनदा वाजलं. मग थोडा वेळ काही नाही. इतका वेळ, की सेल्विनने छातीवर क्रूसाची खूण केली.

मग तिच्या पायांसमोर, बॉनेटच्या आत: टक.

ती वर गेली तेव्हा अल्फर्ड भिंतीला टेकून बसला होता. उजवा हात त्याच्या मांडीवर पालथा पडला होता. तो डोळे मिटून, ओठ आवळून, त्याला उचलायचा प्रयत्न करत होता. बोटाचं नखही हललं नाही. त्याने डोळे उघडले आणि हसला, आणि हसता हसता त्याला रडू फुटलं. ओडेलियाही त्याच्या शेजारी बसून रडली, कारण शुक्रवारचा तो आनंद, खोटा का असेना, तिने आपल्या हाताने परत केला होता.

९

यामिलेतने हात तीन-तीनदा वाकवून बघितला. कागद काढून मागची नोंद वाचली.

"असं कसं गेलं? एवढं छान चाललं होतं."

"आम्हीच पाठवलं," ओडेलिया म्हणाली.

पोरीला ते कळलं नाही. तिने अल्फर्डच्या खांद्यावर थोपटलं आणि पुढच्या शुक्रवारी येते म्हणून गेली.

गाडी आता घराखाली लागत नाही. समोरच्या मोकळ्या जागेत, खिडकीतून दिसेल पण ऐकू येणार नाही इतकी दूर असते. इंजिन बाद झालं नाही, सेल्विनला याचंच जास्त भय वाटतं. ओडेलिया रोज पट्टी बघते, कमी झालं की वरून घालते. सगळं कधी काढत नाही. पुसायचं फडकं तिथेच, पत्र्याच्या डब्यात, झाकण लावून ठेवते.

मागच्या महिन्यात बंदरावर एक तरुण जोडपं गाडीपाशी आलं. बायको पोटुशी होती. नवऱ्याने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"विकणार का हो, मावशी? चांगली ठेवलीय तुम्ही. आवाज तेवढा कसला येतो?"

ओडेलियाला फुटपाथवर बसलेला डॉन एलादियो आठवला. तिलाही बसता आलं असतं, दोन्ही हातांनी तोंड झाकून, सुटले म्हणून. त्या मुलीचा हात पोटावर होता. गोबरा, लहानसा हात.

"विकायची नाही," ती म्हणाली.

"बघा की विचार करून."

"नाही म्हटलं ना! दुसरी बघा."

ती दोघं निघून गेली. मागच्या सीटवर बायका बसल्या, दारं आपटली, कोणीतरी डिकीतल्या कोंडलेल्या माणसाची चौकशी केली. "आहे आहे," ओडेलिया म्हणाली, "जिवंत आहे अजून."

त्या संध्याकाळी तिने गाडी लावली, चावी काढली. आतून तीनदा वाजलं, नेहमीसारखं, नम्रपणे. ती बाहेर आली, बॉनेटवर वाकली आणि मधल्या बोटाने, अल्फर्ड वाजवायचा तसं, दणकून तीनदा उलट वाजवलं. आतून उत्तर आलं नाही.

जिना चढून ती वर गेली. अल्फर्ड खिडकीत बसला होता. त्याने सगळं बघितलं होतं. तिने त्याचा उजवा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि रोजच्यासारखी खात्री करून घेतली. जड होता, गार होता, हलत नव्हता. त्यांचाच होता. ती बाटलीतलं तेल घेऊन तो चोळायला बसली.